गाडी डावीकडे का ओढत होती?

सरळ रस्त्यावर स्टेअरिंगवरची पकड जरा सैल केली की माझी गाडी डावीकडे सरकू लागे आणि तिला रेषेत ठेवण्यासाठी उजवीकडे सतत हलका जोर द्यावा लागे. हा जोर फार नव्हता, थोड्या अंतरात तो लक्षातही येत नसे. लांबच्या प्रवासात मात्र खांदा भरून येई. या तक्रारीवर बहुतेकांचे उत्तर ‘अलाइनमेंट करून घ्या’, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्या, असे ठरलेले असते. माझ्या गाडीचे अलाइनमेंट नुकतेच झाले होते, त्याचा छापील कागद माझ्याजवळ होता, त्यावरचे सगळे आकडे हिरव्या रंगात होते आणि तरीही गाडी ओढत होती. त्यामुळे गाडी पुन्हा त्याच मशीनवर चढवण्यात किंवा अंदाजाने सुटे भाग बदलत बसण्यात अर्थ नव्हता. नेहमीच्या मिस्त्रींशी बोलून मी ठरवले की एका वेळी एकच चाचणी घ्यायची आणि तिचा निकाल लिहून ठेवल्याशिवाय पुढे जायचे नाही.

सुरुवातीला तक्रार नेमकी काय आहे हे ठरवणे भाग होते, कारण दोन वेगळे दोष एकाच नावाने सांगितले जातात. गाडी सरळ जात असताना स्टेअरिंगचा दांडा तिरपा राहत असेल, पण हात सैल सोडल्यावरही गाडी रेषेतच जात असेल, तर तिला ओढणे म्हणता येत नाही. तो बहुधा पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या टो-कोनाचा, म्हणजे वरून पाहता चाके पुढच्या टोकाला किती आत किंवा बाहेर वळली आहेत त्याचा, प्रश्न असतो. पुढच्या चाकांचा टो बिघडला की चालत्या गाडीत दोन्ही चाके तो फरक आपसांत वाटून घेतात. त्यामुळे टायर कडेने झिजतात, स्टेअरिंग तिरपे बसते, पण केवळ त्यामुळे गाडी एका बाजूला ओढत नाही. माझ्या गाडीचे स्टेअरिंग सरळ होते आणि हात सैल केला की ते स्वतःहून डावीकडे वळत होते, म्हणजे चाकांवर डावीकडे नेणारे बळ खरोखरच होते.

ते बळ रस्त्याचे आहे की गाडीचे, हे त्यानंतर पाहायचे होते. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला उतरता बांधलेला असतो. हा उतार साधारण २ टक्के धरला तर साडेतीन मीटर रुंदीच्या एका लेनमध्ये कडेची पातळी सुमारे ७ सेंटिमीटरने खाली असते. डाव्या बाजूने वाहन चालवणाऱ्या देशात त्यामुळे निर्दोष गाडीही हात सोडल्यावर हळूहळू डाव्या कडेला जाते आणि यात दुरुस्त करण्यासारखे काही नसते. हे तपासण्यासाठी वाहतूक नसलेली, लांबलचक, बंदिस्त सपाट जागा मिळवली आणि तिथे ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने आधी एका दिशेने व मग उलट दिशेने गाडी चालवली. स्टेअरिंग पूर्णपणे सोडून देणे धोक्याचे असते, म्हणून बोटांचा निसटता स्पर्श ठेवला होता. दोष जमिनीचा असता तर दिशा बदलताच ओढही दुसऱ्या बाजूला गेली असती. ती दोन्ही वेळा डावीकडेच राहिली. ही चाचणी फुकट होते आणि कोणालाही घेता येते, तरी ती सहसा कोणी घेत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

टायरमधली हवा मी सकाळी, गाडी हलवण्याआधी, स्वतःच्या गेजने मोजली. गाडी चालल्यावर टायर तापतात, दाब वाढतो आणि दोन बाजूंची तुलना फसवी होते. एका बाजूच्या पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर तो जास्त दबतो, त्याचा घर्षणरोध वाढतो आणि गाडी त्या बाजूला ओढते. चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या तक्त्यात ३३ पीएसआय लिहिले होते. मोजणीत डावीकडे ३२ आणि उजवीकडे ३३ आले. एवढ्या फरकाने इतकी ओढ येणार नव्हती, पण पुढे हा मुद्दा आड येऊ नये म्हणून चारही चाके सारखी करून घेतली. त्याच बैठकीत टायरचे आकार, नक्षीची खोली आणि बाजूचा फुगवटा पाहिला, तसेच प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजली. स्प्रिंग बसली असती किंवा तुटली असती तर तिथे फरक दिसला असता. तसा काही दिसला नाही.

यानंतर ओढ नेमकी कधी वाढते आणि कधी कमी होते, याकडे लक्ष दिले. या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ घालवणे योग्य, असे माझे मत झाले आहे, कारण दोषाची वेळ कळली की अर्धे भाग आपोआप संशयातून सुटतात. ॲक्सिलरेटर दाबताना ओढ वाढली असती तर पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या, कमीजास्त लांबीच्या दोन शाफ्टकडे किंवा इंजिनाच्या ढिल्या माउंटिंगकडे पाहावे लागले असते. पण पाय काढल्यावरही ओढ तेवढीच होती. गाडी उजवीकडे वळवून सरळ केल्यावर उजवीकडे आणि डावीकडे वळवून सरळ केल्यावर डावीकडे जाऊ लागली असती, तर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबाच्या) वरचे बेअरिंग किंवा चाकाला वळू देणारा एखादा बॉल जॉइंट घट्ट झाल्याचा संशय आला असता. तसेही घडले नाही. पुढची चाके जॅकवर उचलून इंजिन चालू ठेवले तेव्हा स्टेअरिंग जागचे हलले नाही, त्यामुळे पॉवर स्टेअरिंगही तूर्त बाजूला ठेवता आले.

दोन गोष्टी मात्र विचित्र होत्या. सकाळी गाडी काढल्यावर ओढ कमी असे आणि वीसेक मिनिटांनी, विशेषतः गर्दीतून वारंवार ब्रेक लावत आल्यावर, ती स्पष्टपणे वाढे. दुसरी गोष्ट त्याहून गोंधळात टाकणारी होती: एरवी डावीकडे जाणारी हीच गाडी जोरात ब्रेक दाबला की किंचित उजवीकडे झुके. एकाच गाडीत दोन विरुद्ध ओढी कशा असू शकतील, हे मला त्या वेळी उलगडले नाही, पण दोन्ही नोंदी जशाच्या तशा लिहून ठेवल्या.

मिस्त्रींनी पुढची चाचणी सुचवली ती टायर बदलून पाहण्याची. “ताई, आधी पुढची दोन चाकं इकडची तिकडे करू या. टायरचा दोष असला तर तो टायरबरोबरच जाईल,” असे ते म्हणाले. रेडियल टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात. ते बनवताना मध्यापासून जरा एका बाजूला सरकले तर टायर बाहेरून गोल आणि निर्दोष दिसतो, पण जमिनीवर फिरताना तो आडवा पडलेल्या कागदी कोनासारखा वागतो आणि आपल्या निमुळत्या बाजूकडे वळू पाहतो. बॅलन्सिंग मशीनवर हा दोष कळत नाही, कारण वजन समतोल असते. अलाइनमेंट मशीनला तर तो दिसण्याचा प्रश्नच नसतो, कारण ते मशीन चाकाचे कोन मोजते, टायरच्या आतली रचना मोजत नाही. असे चाक गाडीच्या दुसऱ्या बाजूला लावले की त्याची बाहेरची बाजू उलट दिशेला येते आणि त्याच्या ओढीची दिशाही फिरते. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो ते अशा रीतीने कायम वापरू नयेत. माझ्या टायरवर बाण नव्हता.

चाके बदलल्यावर आम्ही त्याच सपाट जागी गेलो. मिस्त्रींची अपेक्षा अशी होती की ओढ एक तर पूर्ण उजवीकडे जाईल, म्हणजे दोष टायरचा, नाही तर डावीकडेच राहील, म्हणजे टायर निर्दोष. प्रत्यक्षात थंड गाडी अगदी थोडी उजवीकडे जाऊ लागली आणि ब्रेक लावत भरपूर फिरवून आणल्यावर तीच गाडी पुन्हा डावीकडे ओढू लागली, फक्त पूर्वीपेक्षा कमी. हा निकाल पहिल्यांदा निरुपयोगी वाटतो, पण माझ्या वहीतल्या नोंदींशेजारी तो ठेवला तेव्हा हिशेब जुळू लागला. कारणे दोन असली पाहिजेत. एक टायरचे, जे सतत सारखे असते आणि चाक बदलले की दिशा बदलते. दुसरे असे, जे गाडी तापल्यावर वाढते आणि नेहमी डावीकडेच असते. सुरुवातीला दोन्ही एकाच बाजूला असल्यामुळे त्यांची बेरीज होत होती. टायर फिरवल्यावर ती वजाबाकी झाली.

तापल्यावर वाढणाऱ्या दोषासाठी पहिला संशय ब्रेकवर जातो. एका बाजूचा ब्रेक सुटायला हवा तितका सुटला नाही तर ते चाक सतत थोडे अडलेले राहते आणि गाडी त्या चाकाभोवती वळू पाहते. डाव्या पुढच्या चाकाच्या रिमवर उजव्यापेक्षा जास्त काळी भुकटी बसत होती, हे मी गाडी धुताना पाहिले होते आणि धूळ समजून सोडून दिले जाण्याइतके ते किरकोळ दिसत असे. आता तापमान मोजायचे ठरवले. गाडी वीसेक मिनिटे फिरवून, शेवटचा पट्टा शक्यतो ब्रेक न लावता पार करून थांबलो आणि दुरून मोजणाऱ्या इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही बाजूंना नेम धरला. चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकचकीत डिस्कवर हे यंत्र खरे तापमान दाखवत नाही, कारण गुळगुळीत धातू उष्णता कमी उत्सर्जित करतो. त्यामुळे दोन्हीकडे कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या पकडीच्या, खडबडीत, गंजलेल्या अंगावर एकाच ठिकाणी मोजले. उजवीकडे ५० अंश सेल्सिअसच्या आसपास आकडा आला, डावीकडे ९० च्या वर. हाताने चाचपून हे कळते असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण अडकलेल्या ब्रेकची डिस्क सहज भाजू शकते, तेव्हा तो मार्ग मी सुचवणार नाही.

गाडी गरम असतानाच मागच्या चाकांना ठोकळे लावून पुढची बाजू जॅकवर घेतली, खाली भक्कम स्टँड लावले आणि दोन्ही चाके हाताने फिरवली. उजवे चाक पॅडचा हलका खरखर आवाज करत दीड-दोन फेरे फिरून थांबले. डावे अर्धा फेराही पुरा करत नव्हते.

ब्रेक धरून राहण्याची कारणे दोन गटांत मोडतात आणि त्यांची निवड एका साध्या कृतीने होते. ब्रेकच्या रबरी नळीचा आतला थर सुटला तर ती एकेरी झडपेसारखी वागू लागते: पेडल दाबल्यावर तेल पुढे जाते, पेडल सोडल्यावर परत येत नाही आणि दाब कॅलिपरमध्येच अडकतो. कॅलिपरचा ब्लीड निपल, म्हणजे तेल व हवा बाहेर काढण्याचा स्क्रू, जरा ढिला केला की अडकलेले तेल उडते आणि चाक लगेच मोकळे होते. मिस्त्रींनी निपलवर पारदर्शक नळी बसवून तिचे टोक बाटलीत सोडले, कारण ब्रेकचे तेल रंग खाते, आणि पान्याने पाव फेरा दिला. तेल शांतपणे ठिबकले; चाक होते तसेच घट्ट राहिले. दाब अडकलेला नव्हता, म्हणजे नळी आणि पेडलच्या जोराने तेलात दाब निर्माण करणारा मास्टर सिलिंडर दोन्ही संशयातून सुटले आणि अडचण कॅलिपरच्या यांत्रिक भागात आहे हे ठरले.

माझ्या गाडीत सरकता कॅलिपर आहे. त्यात पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर आत सरकून बाहेरच्या पॅडला डिस्कवर आणतो. ब्रेक दाबताना पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील किंचित वाकते आणि ब्रेक सोडल्यावर मूळ आकारात परत येताना पिस्टनला केसभर मागे खेचते. या रचनेत पॅड डिस्कपासून दूर नेणारी वेगळी स्प्रिंग बहुतेक वेळा नसते, त्यामुळे पिना मोकळ्या सरकणे अत्यावश्यक असते. कॅलिपर सोडवल्यावर वरची पिन दोन बोटांनी सहज बाहेर आली. खालची पिन आधी हललीच नाही; पान्याने आळीपाळीने दोन्ही दिशांना फिरवत, ओढत ती काढावी लागली. तिच्या टोकाला एक रबरी नळकांडे असते, ते फुगून भोकाच्या भिंतीला घट्ट बसले होते. मिस्त्रींच्या मते आधी कधीतरी तिथे साधे खनिज तेलाचे ग्रीस लावले गेले असावे. अशा ग्रीसने रबर फुगते, म्हणून या जागी सिलिकॉनचे, ब्रेकसाठीच बनवलेले ग्रीस वापरावे लागते. पॅडही तीच गोष्ट सांगत होते. डाव्या चाकाच्या आतल्या पॅडवर अस्तर जेमतेम ४ मिलिमीटर उरले होते आणि बाहेरच्या पॅडवर ८. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड जवळजवळ सारखे झिजले होते.

जोरात ब्रेक लावल्यावर गाडी उजवीकडे का जात होती, याचा उलगडाही इथेच झाला. कॅलिपर सरकत नसल्यामुळे डावीकडचा बाहेरचा पॅड डिस्कवर पुरेसा दाबला जात नव्हता आणि डावा ब्रेक उजव्यापेक्षा कमजोर पडत होता. जोराचा ब्रेक लागला की गाडी अर्थातच ज्या बाजूचा ब्रेक नीट धरतो त्या बाजूला झुकते. ब्रेक सोडल्यावर तोच अडकलेला कॅलिपर पॅडला मोकळे होऊ देत नव्हता, म्हणून एरवी ओढ डावीकडे. ज्या दोन नोंदी एकमेकींना खोट्या पाडतात असे मला वाटत होते, त्या एकाच फुगलेल्या रबराच्या निघाल्या.

मिस्त्रींनी पिस्टन क्लॅम्पने दाबून पाहिला. तो अडखळत नव्हता आणि त्यावरचे धुळीचे रबर शाबूत होते, त्यामुळे पूर्ण कॅलिपर बदलण्याची गरज उरली नाही. पिनांची भोके आतून साफ केली, दोन्ही बाजूंना नव्या पिना व नवी रबरे घातली आणि पुढचे चारही पॅड एकत्र बदलले. पॅड एकाच बाजूचे बदलले तर दोन बाजूंचे घर्षण वेगळे होऊन ओढीचे नवे कारण तयार होते, त्यामुळे इथे काटकसर करू नये. ब्लीड निपल उघडलेला असल्याने तेल भरून हवा काढून घेतली आणि पेडल घट्ट लागल्याची खात्री झाल्यावरच गाडी खाली उतरवली.

आता फक्त टायरचा दोष शिल्लक असायला हवा होता. तसेच झाले: थंड असो वा तापलेली, गाडी सारखीच, थोडीशी उजवीकडे जात होती. दोन टायरपैकी नेमका कोणता दोषी हे ठरवण्यासाठी पुढचे एक चाक त्याच बाजूच्या मागच्या चाकाशी बदलून पाहिले. डावीकडची अदलाबदल केल्यावर फरक पडला नाही. ती पूर्ववत करून उजवीकडचे चाक, म्हणजे मुळात डावीकडे असलेले, मागे नेले तेव्हा ओढ गेली. मागच्या धुरीवर अशा टायरचा परिणाम स्टेअरिंगपर्यंत फारसा पोहोचत नाही, म्हणून नक्षी संपेपर्यंत तो मागे ठेवायचा असे ठरले. त्यावर फुगवटा किंवा तारांचा उठाव दिसला असता तर तो लगेच काढून टाकला असता. पट्टा सुटू लागलेला टायर कोणत्याच चाकावर वापरण्याजोगा नसतो.

अलाइनमेंटचा कागद मी शेवटी पुन्हा उघडला, आणि तो वाचण्याची रीत या सगळ्यानंतर मला नीट समजली. हिरवा रंग एवढेच सांगतो की तो कोन त्या एका चाकासाठी मर्यादेत आहे. गाडी ओढते की नाही हे डाव्या आणि उजव्या चाकांतल्या फरकावर अवलंबून असते: ज्या बाजूचा कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा तिरपेपणा; वरचे टोक बाहेर झुकले तर धन, आत झुकले तर उणे) अधिक धन, तिकडे गाडी ओढते आणि ज्या बाजूचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा, बाजूने पाहता, मागे असलेला झुकाव) कमी, तिकडेही ओढते. दोन्ही चाके मर्यादेच्या दोन विरुद्ध टोकांना असली तर कागद हिरवाच राहतो आणि गाडी ओढते. माझ्या कागदावर डावा कॅम्बर उणे ०.३ अंश होता आणि उजवा उणे ०.६. हा फरक डावीकडे नेणारा आहे खरा, पण साधारणपणे अर्ध्या अंशापेक्षा कमी फरक एकटा असला तर फारसा जाणवत नाही. कॅस्टर दोन्हीकडे जवळपास सारखा होता. पुढच्या चाकांना धरणारे व वळवणारे सांधे, म्हणजे लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड, मिस्त्रींनी लिव्हरने हलवून पाहिले आणि कुठेही खेळ आढळला नाही, तेव्हा ते कोन आम्ही आहेत तसेच राहू दिले. हे भाग ढिले असताना अलाइनमेंट करणे व्यर्थ असते, कारण मशीनवर उभ्या गाडीत जुळवलेला कोन चालत्या गाडीत टिकत नाही.

नवे पॅड बसेपर्यंत काही दिवस सौम्य ब्रेक लावत गाडी चालवली आणि मग पुन्हा तापमान मोजले. दोन्ही कॅलिपरमधला फरक दोन-चार अंशांवर आला होता. जोरात ब्रेक लावल्यावर गाडी सरळ थांबते. उतरत्या कडेच्या रस्त्यावर हात सैल केला की ती अजूनही अगदी सावकाश कडेकडे जाते, पण ती ओढ रस्त्याची आहे आणि तिच्यासाठी मी गाडीत काही करणार नाही. पिना मात्र आता प्रत्येक वेळी पॅड तपासताना बाहेर काढून, पुसून, योग्य ग्रीस लावून परत बसवायच्या, हे मिस्त्रींनी आणि मी दोघांनीही आपापल्या वहीत लिहून ठेवले आहे.